तीन व्होल्टचा सेल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांना व्हिडिओ गेम पार्लर आठवत असेल. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून काळोख्या गाळ्यात शिरायचं, रुपयाचं नाणं फटीत टाकायचं आणि लाकडी पेटीपुढे उभं राहायचं. घरी कळलं तर मार ठरलेला. त्यातला 'मुस्तफा' तर कुणी विसरलं नसेल. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली काढला. त्यात खेळायला चार नायक होते, पण आपल्या पोरांना त्यातला मुस्तफा एवढा आवडला की खेळालाच त्याचं नाव पडलं.

तुम्ही पेटीच्या पुढे उभे असायचात आणि मी मागे. पेटी बंद पडली की मला बोलावणं यायचं. मी मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. आयटीआय करून १९८६ साली पुण्यात छोटं दुकान टाकलं. खेळांचे बोर्ड दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. एकानं आणला, तो जमला, म्हणून दुसऱ्यानं आणला. असा पंधरा-सोळा वर्षं तो उद्योग चालला. आज त्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यातल्या एका बोर्डाविषयी विशेष. तो बोर्ड माझ्या हातून मेला आणि त्याबद्दल मी खोटं बोललो.

पण आधी पेटीत काय असतं ते सांगतो. पुढे पडदा, म्हणजे टीव्हीसारखीच पिक्चर ट्यूब. खाली दांडा आणि बटणं. आत एक पॉवर सप्लाय. आणि या सगळ्यांना जोडलेला बोर्ड. हा बोर्ड म्हणजे एकाच खेळासाठी बनवलेला संगणक. १९८० साली आलेला नामको कंपनीचा 'पॅकमॅन' घ्या. झेड-८० नावाचा चाळीस पायांचा प्रोसेसर, आणि त्याला हुकूम देणारा सगळा प्रोग्रॅम फक्त १६ किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या शंभरपटींहून मोठा असतो. त्याही आधी, १९७२ साली अटारीनं काढलेल्या 'पाँग'मध्ये तर प्रोसेसर नव्हताच. नुसत्या आयसी एकमेकींना जोडून टेबल टेनिस केलं होतं.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असे. मग १९८५ साली जपानमधल्या उत्पादकांनी 'जामा' नावाची एक समान पद्धत ठरवली. बोर्डाच्या कडेला एका बाजूला अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस असे छप्पन्न संपर्क. जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा, की त्याच पेटीत नवा खेळ. पार्लरवाल्यांचं त्यामुळे फार सोयीचं झालं.

आता बिघाड. एक गोष्ट मला हळूहळू उमगली. बोर्ड आपलं दुखणं पडद्यावर लिहून दाखवतो, फक्त ते वाचता आलं पाहिजे. चित्र व्यवस्थित पण एखादाच रंग गायब असेल, तर मी आधी कडेचा संपर्क बघतो. माणसं नीट दिसतात पण अंगावरून उभ्या रेघा जातात, म्हणजे प्रोग्रॅम ठीक आहे, चित्रं साठवणाऱ्या चिपांच्या बाजूला गडबड आहे. पडदाभर अक्षरांचा कचरा आणि तो दर सेकंदाला बदलतो, म्हणजे प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ही शेवटची खूण समजून घेण्यासारखी आहे. बऱ्याच बोर्डांमध्ये 'वॉचडॉग' नावाचं सर्किट असतं. रात्रीचा गुरखा जसा फेरी मारताना काठी आपटतो, तसा प्रोग्रॅमनं ठरावीक वेळानं या सर्किटला 'मी जागा आहे' असं कळवायचं असतं. नाही कळवलं, तर सर्किट समजतं की प्रोग्रॅम भरकटला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. पुन्हा भरकटतो, पुन्हा सुरू. पडदा लुकलुकत राहतो.

माझा पहिला धडा याच खुणेचा. १९८९ साल असेल. एक बोर्ड आला, सारखा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी तरुण, उत्साही. प्रोसेसर बदलला. मेमरी बदलली. तीन दिवस आणि बरेच पैसे घातले. चौथ्या दिवशी मल्टिमीटर सप्लायच्या टोकाला न लावता सहज बोर्डावरच्या एका आयसीच्या पायाला लावला. सप्लायला पाच व्होल्ट होते, तिथे चार पूर्णांक सहा. मधल्या कनेक्टरची एक पट्टी जळून काळी पडली होती. या ७४ मालिकेच्या आयसींना पावणेपाच ते सव्वापाच व्होल्ट लागतात. खाली गेलं की त्यांचा भरवसा नाही. बोर्डात काहीच बिघडलं नव्हतं. माणूस उपाशी आहे म्हणून चक्कर येते आणि डॉक्टर त्याचं हृदय बदलतोय, असला प्रकार.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. पहिलं डोळ्यांनी बघायचं. कुठे गंज, कुठे तुटलेला ट्रॅक, कुठे बेसमधून वर आलेली आयसी. कडेचे संपर्क पोरांच्या खोडरबरनं घासायचे. सांगून खोटं वाटेल, पण कितीतरी बोर्ड एवढ्यावर सुरू झाले. दुसरं, बोर्डावर व्होल्टेज मोजायचं. तिसरं, प्रोसेसरकडे जायचं. झेड-८० असेल तर सहाव्या पायावर घड्याळाचे ठोके येतायत का? सव्विसाव्या पायावरचा रीसेट सुटतोय का? हे सगळं ठीक असेल तरच पुढे.

पुढे जायला हत्यार एकच, लॉजिक प्रोब. पेनाएवढी वस्तू. टोक आयसीच्या पायाला लावलं की लाल दिवा म्हणजे एक, हिरवा म्हणजे शून्य, लुकलुकला म्हणजे तिथून काहीतरी वाहतंय. आणि कुठलाच दिवा लागला नाही, तर तो पाय धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. आयसीमधून बाहेर येणारा पाय असा मुका असेल, तर ती आयसी संशयित. आयसी हातानं चाचपूनही बघायच्या. शेजारच्या कोमट आणि एकच चटका देणारी असेल, तर प्रोबची गरजच नाही.

त्या काळच्या बोर्डांवर २११४ नावाच्या मेमरी चिपा असायच्या आणि त्या फार जायच्या. एका चिपेत आठातले चारच बिट, म्हणून त्या जोडीनं लावलेल्या. यातली कुठली गेली हे शोधायची एक गावठी युक्ती होती. चांगली चिप घ्यायची आणि संशयित चिपेच्या डोक्यावर पायाला पाय लावून बसवायची, लहान पोराला खांद्यावर घेतात तशी. पडद्यावरचा कचरा कमी झाला, की चोर सापडला. ही युक्ती दर वेळी चालत नाही, पण चालते तेव्हा तास वाचतो.

चोर सापडल्यावर त्याला काढणं हे वेगळं काम आहे. नवशिका माणूस सोळा पाय एकदम वितळवून आयसी ओढायला जातो, आणि तिच्याबरोबर बोर्डाचा ट्रॅकही उपटून येतो. मग एका बिघाडाचे तीन होतात. मेलेली आयसी वाचवायची नसतेच. तिचे पाय कटरनं कापायचे, धड बाजूला ठेवायचं, मग एकेक पाय गरम करून चिमट्यानं काढायचा, भोक साफ करायचं आणि तिथे आयसी बेस बसवायचा. पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न लागायलाच नको. आयसीची किंमत एका चहाएवढी, बोर्डाची एका मोटरसायकलएवढी. जपायचं कशाला हे उघड आहे.

नवी आयसी हवी असली की आधी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे नाही मिळाली तर सकाळची सिंहगड एक्सप्रेस पकडायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. जुन्या नमुन्याची आयसी हातात घेऊन दुकान-दुकान फिरायचं, स्थळ शोधत फिरल्यासारखं.

आता त्या बोर्डाकडे येतो.

आमच्या भागात एक पार्लर होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. दोनच पेट्या. त्यातल्या एका पेटीसाठी त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून एक अस्सल जपानी बोर्ड घेतला होता. आमच्याकडे येणाऱ्या बोर्डांत नकला पुष्कळ, पण हा अस्सल. चित्र आणि आवाज असा की पोरं रांग लावायची. अण्णांची निम्मी कमाई त्या एका बोर्डावर होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती.

१९९८ च्या पावसाळ्यात त्याचा आवाज चिरका झाला. काम किरकोळ होतं, आवाजाच्या भागातला एक कपॅसिटर. तो मी अर्ध्या तासात बदलला. बदलताना मला दिसला बोर्डावरचा एक छोटा लिथियमचा सेल. वाटलं, पाच वर्षांचा तरी असेल, गळला तर बोर्ड खाईल. तसे बॅटरीच्या गळतीनं गंजून ट्रॅक खाल्लेले बोर्ड मी पुष्कळ पाहिले होते. अण्णांनी सांगितलं नव्हतं, तरी आपलेपणानं मी तो सेल काढला आणि तसाच नवा लावला.

बोर्ड सुरू केला. पडद्यावर काही नाही.

मी आठ दिवस त्याच्यापुढे बसलो. व्होल्टेज बरोबर. घड्याळ बरोबर. रीसेट बरोबर. कुठली आयसी गरम नाही, कुठला पाय मुका नाही. सगळं नीट आणि खेळ नाही. शेवटी तो पिशवीत घालून मुंबईला नेला. अण्णांनीच जाण्या-येण्याचे आणि जेवणाचे म्हणून दोनशे रुपये हातावर ठेवले. लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या माणसानं बोर्ड उलटासुलटा केला आणि एकच विचारलं, "सेल काढला होता?"

मी हो म्हणालो. त्यानं बोर्ड माझ्याकडे सरकवला. "मग गेला हा."

झालं होतं ते असं. नकला फार होतात म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही जपानी कंपन्यांनी एक उपाय केला होता. चिपांमधला प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत लिहायचा. तो उलगडण्याची किल्ली मात्र चिपेत कायमची कोरायची नाही. ती एका छोट्या मेमरीत ठेवायची आणि तिला सेलवर जागी ठेवायची. चोरानं चिपा काढून नक्कल केली तरी किल्लीवाचून त्याला काही वाचता येणार नाही. पण सेल संपला किंवा कुणी काढला, की किल्ली पुसली जाते. बोर्डाचा प्रत्येक भाग धडधाकट, आणि बोर्ड मेलेला. जाणकार लोक याला 'सुइसाइड बॅटरी' म्हणतात. बोर्ड स्वतःच स्वतःला संपवतो, अशा अर्थानं. नव्या सेलची तार जुन्याला समांतर जोडून, मग जुना काढला असता, तर वीज क्षणभरही तुटली नसती. पाच मिनिटांचं काम. पण मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी हात घातला.

इथवर अज्ञान होतं. पुढचं अज्ञान नव्हतं. पुण्याला परत येऊन मी अण्णांना सांगितलं, "बोर्ड जुना झाला होता, आपोआप गेला. मुंबईतही कुणाला जमला नाही." अण्णांनी मान हलवली. "तू तरी काय करणार," म्हणाले. "ठेव तुझ्याकडे, सुटे भाग तरी कामाला येतील." पुढच्या दीड-दोन वर्षांत त्यांनी पार्लर बंद केलं. घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले होते, सायबर कॅफे येत होते. पार्लरं सगळीकडेच बंद पडली. ते माझ्यामुळे बंद पडलं असं म्हणता येणार नाही. पण माझ्यामुळे नाही असंही मला कधी म्हणता आलं नाही.

त्या बोर्डाची एक आयसीही मी वापरली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला.

माळ्यावरून तो खाली आला २०१८ च्या दिवाळीत, साफसफाई करताना. भाचा मदतीला आला होता. इंजिनिअर आहे. "मामा, हे काय?" म्हणाला. मी गोष्ट सांगितली, खोट्यासकट. तो म्हणाला, "मामा, हे आता जिवंत होतं."

मला माहीत नव्हतं की जगात यावर केवढं काम झालंय. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला होता. जुन्या पेट्यांच्या बोर्डांत काय काय होतं, कुठली चिप कुठे बोलते, हे सगळं त्यात नोंदवायचं, म्हणजे बोर्ड नाहीसे झाले तरी खेळ कसा चालत होता हे उरेल. जगभरच्या हौशी लोकांनी त्यात हजारो बोर्ड नोंदवले. किल्लीवाल्या बोर्डांवरही ते लागले. कॅपकॉमच्या १९९३ मध्ये आलेल्या सीपीएस-२ या बोर्डाचं उदाहरण देतो. २००१ साली हौशी मंडळींनी त्यातला प्रोग्रॅम उलगडलेल्या स्वरूपात मिळवला, २००७ साली त्या सांकेतिक भाषेची रीतच उलगडली, आणि २०१६ साली मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याचा मार्गही सापडला. मोबदला कुणी मागितला नव्हता, आणि सापडलेलं कुणी लपवून ठेवलं नाही.

आम्ही कामाला लागलो. या वेळी घाई केली नाही. आधी बोर्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो. मग काळे पडलेले पाय साफ केले. मग प्रोग्रॅमच्या चिपा, म्हणजे ईप्रॉम. या चिपांच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. अतिनील किरण पडले की आतलं पुसलं जातं, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावतात. आत साठवलेला विद्युतभार वर्षानुवर्षांनी थोडा थोडा गळूही शकतो. म्हणून प्रत्येक चिप यंत्रावर वाचली आणि नोंदीतल्या बेरजेशी ताडून पाहिली. दोन चिपांचा हिशेब जुळेना. त्या नव्यानं भरल्या. मग ज्या प्रोग्रॅमला किल्लीच लागत नाही, असा उलगडलेला प्रोग्रॅम दुसऱ्या चिपांत भरून बसवला. सुरू केला, तर चित्र आलं, पण माणसांच्या अंगावर रेघा. मला तर हसूच आलं. हे दुखणं ओळखीचं होतं. प्रोब घेतला, एक आयसी मुकी निघाली, पाय कापले, बेस बसवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये, साडेवीस वर्षांनी, तो खेळ माझ्या टेबलावर सुरू झाला.

अण्णा तेव्हा सातारा जिल्ह्यात, त्यांच्या गावी राहत होते. वय ऐंशीच्या पुढे. बोर्ड, एक जुना टीव्ही आणि तारांचं भेंडोळं घेऊन आम्ही गेलो. खेळ लावण्याआधी मी सगळं सांगितलं. सेल मीच काढला होता, तुम्ही सांगितलं नसताना काढला होता, आणि तुम्हाला खोटं सांगितलं.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "आता यात सेल आहे का?"

"नाही अण्णा. आता त्याची गरजच नाही."

"लाव मग."

त्यांचा नातू खेळायला बसला. अण्णा बघत होते. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुला मुंबईचं भाडं दिलं होतं मी. दोनशे रुपये." मी खिशातून काढून दिले. त्यांनी ते मोजले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. मग नातवाला म्हणाले, "अरे, उडी मार, उडी."

श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर जुनी यंत्रं असतील. रेडिओ, टेपरेकॉर्डर, कुणाकडे एखादा खेळाचा बोर्डही असेल. फेकण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. आणि उघडलंच, तर जे कशासाठी आहे ते कळत नाही, त्याला कळेपर्यंत हात लावू नका. लावलात आणि बिघडलं, तर मालकाला त्याच दिवशी सांगा. मला तेवढ्याला वीस वर्षं लागली.